पागेच्या दारावरची पाटी

सुरुवातीलाच कबूल करतो... भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. उलट असल्या गोष्टी रचून पसरवणाऱ्यांतला मी. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात 'लिफ्टमधली बाई' मीच सोडली होती. हाउसकीपिंगच्या दोन मावशी महिनाभर जिने चढत होत्या बिचाऱ्या. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं, तर हक्कच आहे तुमचा.

चाकणकडे, निघोज्याच्या अलीकडे एका इनामदारांचा जुना मळा आहे. बंगला केव्हाच पडला. उरली होती ती पागा, गोठा आणि धान्याचं कोठार. दोन वर्षांपूर्वी एका बिल्डरनं ती दगडी बांधकामं घासूनपुसून तिथं शॉपिंग व्हिलेज काढलं. गोठ्यात कॉफी, कोठारात मातीची भांडी, आणि पागेतल्या चौथ्या खणात माझ्या बायकोचं, मेघाचं, हातमागाच्या साड्यांचं दुकान. शनिवार-रविवार मी तिथं हमाल.

मॅनेजरचं फर्मान आलं – प्रत्येक दुकानाच्या दारावर त्या जागेच्या इतिहासाची पाटी हवी. बाकीच्यांनी गावात जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. मी मूळचा बीडचा, राहतो रहाटणीला. मला कुठला इतिहास? कंपनीच्या कॅबमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या मोबाईलवर बडवून टाकला. इनामदारांची हिरा नावाची घोडी. तिची निगा राखणारा मोतद्दार गणपा. एका दुपारी गणपा पिऊन झोपला, दाराची कडी राहिली, घोडी विहिरीत पडून मेली. तिच्या टापा अजून ऐकू येतात वगैरे.

"गरिबाला कशाला दारुडा केलंस?" मेघानं विचारलं.

"अगं, त्याशिवाय मजा नाही येत!"

पाटी हिट झाली, राव. लोक सेल्फी काढायला लागले. मी तर करवंट्या आपटून टापांचा आवाज रेकॉर्ड केला आणि साड्यांच्या मागे स्पीकर लपवला.

एका शनिवारी चारच्या सुमाराला एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे, धोतर, टोपी. सोबत नात – पहिली शिफ्ट सुटून आलेली, अंगावर कंपनीचा युनिफॉर्म तसाच. तिनं पाटी वाचून दाखवली. 'पिऊन' पाशी ती अडखळली. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, मग आत येऊन मला विचारलं, "ह्ये कुनी लिवलं?"

"मी. का हो आजोबा?"

"गनपा माजा बाप."

मी दात काढले. खरंच काढले, अजून आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. म्हटलं, "आजोबा, गणपा काय, हिरा काय, कुणाचंही नाव असतं. मी मनानं रचलंय सगळं."

"इहिरीत पडली त्येबी मनानं?" आजोबा खाली बसले. "मी आठ वर्साचा व्हतो. बापाची चाकरी गेली. गाव म्हनायचं, पेलेला व्हता. आई म्हनायची, न्हाई. बाप मरस्तवर हिराचं नाव काढायचा. लई नाटकी घोडी. बापानं बादलीवर दोन टिचक्या मारल्याबिगर पान्याला तोंड लावायची न्हाई."

त्यांनी गुडघ्यावर बोट वाजवून दाखवलं. टिक, टिक.

मी स्पीकर बंद केला, मोबाईल काढला. कॅबमध्ये लिहिलेली मूळ नोट उघडली. पाटीवर जागा पुरेना म्हणून मी एक ओळ गाळली होती. मेघालासुद्धा दाखवली नव्हती. 'गणपाने बादलीवर दोन टिचक्या वाजवल्याशिवाय हिरा पाणी पीत नसे.'

मी मोबाईल गपकन खिशात घातला.

"काय झालं?" नातीनं विचारलं.

"काही नाही... ऑफिसचा मेसेज."

आजोबांनी माझा हात धरला. "पोरा, तुला कुनी सांगितलं आसंल तर सांग. मी भांडायचो न्हाई. मला एवढंच पायजे – बाप पेलेला व्हता, ह्ये तूच बनवलंस ना?"

"व्हय आजोबा," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"लेकराबाळांची शपथ?"

"शपथ."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं, पुन्हा घातली. हसले. जाताना नातीला म्हणाले, "आयकलंस न्हवं? बनवल्यालं हाय."

पाटी मी तिथल्या तिथं उतरवली. स्पीकर घरी नेला. आजोबांचं कळल्यावर मेघा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिला तर नोटचं ठाऊकही नाही. आज पहिल्यांदा इथं लिहितोय.

तर्क सगळे करून झाले. त्या गावात माझं कुणी नाही, आधी कधी गेलो नव्हतो, कुठं वाचलंही नव्हतं. ते शब्द मी स्वतः टाईप केले एवढंच आठवतं. घोडी मी रचली, ती खरी निघाली. विहीर रचली, निघाली. टिचक्यासुद्धा निघाल्या.

आणि दारूही मी त्याच कॅबमध्ये, त्याच बोटांनी रचली होती.

शपथ मी खरी घेतली की खोटी, हे मला आजही माहीत नाही.