बटाट्याचा भाव

चाकूरच्या बसस्टँडमागं त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याच्या तारेचे वेढे तो मोठ्यानं मोजायचा, आणि तेही जर्मनमध्ये. मध्येच कुणी बोललं की आकडा हुकायचा. मग सगळी तार उसवून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

करोनाच्या आधीची ही गोष्ट. त्याची बायको जर्मनीत नर्स होती. तिच्याजवळ राहायला जायचं तर आधी त्याला तिथल्या भाषेची परीक्षा पास व्हावी लागणार होती. दोनदा नापास झाला. मला म्हणायचा,

"सर, बारा वर्षं संसार केला. आता बायकोजवळ जायचं तर बटाट्याचा भाव जर्मनमध्ये इचारता आला पायजे म्हणं!"

तिच्या वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सचा नवरा अमेरिकेचा. त्याच्या देशाला ही परीक्षा माफ. गडी एक शब्द न शिकता तिथं पोचला आणि बाजारात मुका झाला. त्याला शिकवायचं काम कुणाकडं यावं? तर आमच्या या नापास माणसाकडं! दर रविवारी हा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल एका जळक्या मोटरीला टेकवायचा, बटाटा हातात धरायचा आणि त्या अमेरिकनाकडून भाव घोकून घ्यायचा. चुकला की खवळायचासुद्धा.

एका रविवारी मी गेलो तर स्वारी खुशीत होती.

"सर, आज त्याची परीक्षाच घेतली. नापास!"

"मग?"

त्यानं बटाटा खाली ठेवला.

"मग काय. त्याच्या बायकोनं आतून हाक मारली, जेवायला उठून गेला."