पहिल्या बाकावरचा खोकला

बापूंच्या उपदेशाइतकं कंटाळवाणं भाईंदर पूर्वेत दुसरं काही नव्हतं, आणि हे मी त्यांच्यावरच्या प्रेमापोटीच सांगतोय. दर रविवारी सकाळी साडेनऊला स्टेशनजवळच्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर बापू पांढरा झगा घालून उभे राहत, घडी घातलेला कागद उलगडत आणि रेशनची यादी वाचावी तसा देवाचा शब्द वाचून दाखवत. खाली फरसाणवाल्याकडे जिलबी तळली जात असे. तिचा वास खिडकीतून वर यायचा, पंखा सावकाश फिरायचा, बाकांवर ऊन सरकत जायचं आणि मंडळीतले निम्मे लोक डोळे मिटून बसलेले असायचे. ते सगळेच प्रार्थना करत होते असं मी शपथेवर सांगणार नाही.

गंमत अशी, की हाच माणूस एकेकाळी रंगमंचावर नुसता कुजबुजला तरी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. मी त्यांच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. दिवसा ऑफिसात फायली आणि संध्याकाळी विंगेत स्टूल टाकून मांडीवर संहिता, असा माझा दुहेरी संसार होता. नट शब्द विसरला की तो त्याच्यापुरता, प्रेक्षकांना न कळेल असा पुरवायचा, हे माझं काम. बापूंना मात्र इतक्या वर्षांत मला एकदाही शब्द पुरवावा लागला नाही. त्यांच्या प्रवेशात मी निवांत पाय पसरून बसायचो.

त्यांची एक जागा होती. तिसऱ्या अंकात म्हातारा बाप आपल्या गेलेल्या मुलाचं पत्र वाचतो, आणि मुलाचं नाव आलं की बापू थांबत. एक, दोन, तीन, चार. चाराला गळा दाटे आणि नाव अर्धंच बाहेर पडे. थिएटरात हुंदके ऐकू यायचे. त्या नावापाशी बापूंनी आपल्या वहीत पेन्सिलीने चार उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या, त्यांचं बघून मीही माझ्या संहितेत मारल्या. मी विंगेत बोटांवर मोजायचो आणि एकदाही पाच झाले नाहीत. इकडे लोक डोळे पुसत असताना बापू पाठमोरे होऊन मला डोळा मारत. सुशीलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पहिल्या प्रयोगाला हमखास यायच्या, पण कधी रडल्या नाहीत. "ह्यांचं रडं मला पाठ आहे," म्हणायच्या. "घरातला गॅस संपला की जे ओरडतात ना, तेवढंच खरं."

मग बापूंचे वडील गेले. ते नगरकडच्या एका खेड्यात चर्चच्या शाळेत मास्तर होते आणि मुलाने पाळक व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. मातीला आम्ही कंपनीतले चार जण गेलो होतो. सगळ्यांच्या वतीने दोन शब्द बोलायला बापू उभे राहिले, "आमचे बाबा" म्हणाले आणि थांबले. चाराला त्यांचा गळा दाटला. गावातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. परतीच्या एसटीत बापू माझ्या शेजारी बसून बराच वेळ बाहेरची ज्वारी बघत होते. मग म्हणाले, "सावंता, मी मोजत होतो रे. बापाच्या कबरीशी उभा राहून मी आकडे मोजत होतो."

त्यानंतर वर्षभरात त्यांनी नाटक सोडलं आणि पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला गेले. ऐन भरात असलेला नट असा निघून गेला म्हणून कंपनी हळहळली, काहींनी डोकं फिरलं म्हटलं. मी तर तोंडावरच विचारलं, "बापू, तिथेही उंच जागा, झगा आणि समोर माणसं. फरक काय पडला?" ते म्हणाले, "तिथे टाळी नाही."

पुढे बरीच वर्षं आमची गाठ नव्हती. मी परळची खोली सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आलो. एके दिवशी भाईंदरला भाजी घ्यायला गेलो, तर गळ्याशी पांढरी पट्टी लावलेले बापू वांगी निवडत होते. मी आनंदाने ओरडलो, "बापू! शूटिंग चाललंय का?" बापूंनी वांगं खाली ठेवलं. "नाही रे, आता हेच," म्हणाले आणि भर बाजारात त्यांनी मला मिठी मारली. त्यांची इथे नेमणूक झाली होती. इंग्रजांच्या काळातली ती अँग्लिकन परंपरा, पण गाणी मराठी, भांडणं मराठी आणि उपासनेनंतरचा चहाही आपल्यासारखाच उकळलेला. रिक्षावाल्याला चर्च म्हटलं की तो उत्तनच्या मोठ्या कॅथलिक देवळांकडे निघायचा, म्हणून मंडळी "फरसाणवाल्याच्या वर" असाच पत्ता सांगत.

तिथेच बाजारात उभ्या उभ्या त्यांनी मला नोकरी दिली. "रविवारी येत जा. पहिल्या बाकावर बस. मी नाटक करायला लागलो असं वाटलं की खोक."

"मी हिंदू माणूस, बापू. तुमच्या देवळात बसून खोकू?"

"तुझ्याइतकं माझं खोटं दुसऱ्या कुणाला ओळखता येतं? देवाला येतं, पण तो खोकत नाही."

मी जाऊ लागलो. आमच्या हिने सुरुवातीला भुवया उंचावल्या, पण मी संकष्टीही सोडली नाही हे पाहून गप्प बसली. पहिल्या वर्षी मला भरपूर काम होतं. आवाज जरा खाली उतरून थरथरला की मी खोके. हात अकारण छातीकडे गेला की मी खोके. बापू लगेच कागदात डोकं घालत आणि पुन्हा रेशनची यादी सुरू होई. मंडळीतल्या एका आजीबाईंना माझी इतकी दया आली, की त्या दर रविवारी ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातात ठेवू लागल्या. एकदा बापूंनी मला उपदेशाचा कागद दाखवला. दोन-तीन शब्दांपाशी पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि त्या गिरबटून खोडलेल्या होत्या. "लिहिताना हात आपोआप ओढतो रे," ते म्हणाले. "मग मी खोडत बसतो." त्यांचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखा झाला होता.

नाटकवाल्यांप्रमाणे पाळकांचाही सुट्टीचा वार सोमवार. बापू, वहिनी आणि मी बस पकडून उत्तनच्या पुढे चौक नावाच्या कोळीवाड्याला जायचो. तिथली दुपार घड्याळात मोजता येत नाही. वाळत घातलेल्या बोंबलांमागे समुद्र पांढुरका होत जायचा, होड्या हलल्यासारख्या वाटायच्या आणि हलत नसायच्या, आणि बोलता बोलता शब्द कधी संपले ते कळायचं नाही. बापू तिथे एकदम हलके दिसायचे. एकदा बोंबील उलटता उलटता एका कोळणीने त्यांच्या गळ्याची पट्टी पाहिली.

"ह्यो फादर हाय?"

"फादर न्हाय गो, माजा नवरा हाय," सुशीलावहिनी तिच्याच सुरात म्हणाल्या.

"फादरला बायको? आमच्यात असा न्हाय बाय!" ती इतकी हसली की शेजारच्या दोघी कामं टाकून बघायला आल्या. त्यानंतर दर सोमवारी ती वहिनींना "फादरीण" म्हणून हाक मारायची. वहिनींना ते फार आवडायचं.

वहिनी गेल्या त्या अचानक. शनिवारी रात्री छातीत दुखलं आणि रविवारी पहाटे त्या नव्हत्या. दुसऱ्या पाळकांना बोलावू या असं सगळे म्हणत होते, पण बापूंनी ऐकलं नाही. दफनविधी ते स्वतःच करणार होते. दुपारचं रखरखीत ऊन होतं. मी सवयीने पुढे, अगदी समोर उभा राहिलो. बापूंनी प्रार्थना म्हटल्या, नीट, कोरड्या. मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "आमची सुशीला..." आणि थांबले.

एक, दोन, तीन, चार. त्यांचा गळा दाटला.

आणि मी खोकलो.

का, ते मला आजही सांगता येत नाही. शेकडो प्रयोग विंगेत बसलेलं अंग होतं, त्याने विचारायला न थांबता काम केलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. गुन्हा कबूल केल्यासारखी त्यांनी मान खाली घातली, पुस्तक पुन्हा उघडलं आणि उरलेला विधी एका सुरात वाचून संपवला. मूठभर माती टाकतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्या खड्ड्यात शिरावंसं वाटलं.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघंच चौकला गेलो. कोळणीने लांबून "फादरीण कुठं हाय?" असं विचारलं. मी जवळ जाऊन तिला हळू आवाजात सांगितलं, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि मोकळ्या गळ्याने रडली. बापू ते बघत होते. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसे बघत होते. परत येऊन मी म्हणालो, "बापू, मला माफ करा. मी चुकलो."

"तू कशाला चुकशील? मीच नेमलं तुला." ते चपलेतली वाळू झटकत बसले. "त्या वेळी मी मोजत होतो की नाही, ते मला आठवत नाहीये. वाईट त्याचं वाटतंय." मग उठताना म्हणाले, "आता खोकू नकोस, सावंता. येत जा, पण नुसता येत जा."

मी नुसता जात राहिलो. बापू आणखी कोरडे झाले. मंडळीचं सगळं वेळच्या वेळी करत, जेवायला बोलावलं तर जेवत, विनोदाला हसत. पण बायकोसाठी ते रडले नव्हते आणि वहिनींचं नावही घेत नव्हते. घरात "ती" म्हणत, चौकला "ती" म्हणत. हे सगळं माझ्या एका खोकल्याने झालं, असं मला वाटायचं. माझ्या घशाला खरीच कोरड पडली तरी मी रविवारी रुमाल तोंडात धरून बसायचो.

दिवाळी उरकली आणि नोव्हेंबरातला तो रविवार आला, जेव्हा वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं उपासनेत वाचतात. एकेका नावाला घरचं माणूस उठून मेणबत्ती लावतं. बापूंनी कागद उलगडला आणि वाचू लागले. सहा नावं झाली, सहा मेणबत्त्या लागल्या. मग ते थांबले. पुढचं नाव कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एक, दोन, तीन, चार.

पाच. सहा. मी दचकलो. बापूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नाव कागदावर समोर होतं, तरी येत नव्हतं. खालची जिलबीची कढई तेवढी ऐकू येत होती. बापूंनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. विंगेकडे बघणाऱ्या नटाची नजर मी आयुष्यभर ओळखत आलो होतो. बापूंची तशी नजर मी कधी पाहिली नव्हती.

मी पुढे वाकलो. "सुशीला," हळूच म्हणालो, त्यांच्यापुरतंच.

"सुशीला," बापू म्हणाले, आणि ढसाढसा रडले. नाक वाहत होतं, आवाज चिरका आणि बेसूर झाला होता, तोंड वेडंवाकडं. असल्या रडण्याला कुठल्याही नाटकात कुणी उभं केलं नसतं. ज्येष्ठमधवाल्या आजीबाई उठल्या आणि वहिनींच्या नावाची सातवी मेणबत्ती लावून आल्या.

उन्हाळ्यात बापू निवृत्त होऊन नगरकडे आपल्या गावी गेले. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढल्यावर त्यांनी एक घडी घातलेला कागद माझ्या खिशात कोंबला. "संहिता प्रॉम्प्टरकडे असावी," एवढंच म्हणाले. घरी येऊन मी तो उलगडला. ती नोव्हेंबरची नावं होती. मी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि उजेडात आडवा-तिरपा धरून पाहिला. वरच्या तीन नावांपाशी रेघा होत्या, नेहमीसारख्या गिरबटून खोडलेल्या. सुशीलावहिनींच्या नावापाशी एकही रेघ नव्हती, खोडलेलीसुद्धा नाही.