इटलीला निघालेली रोवेना

माझ्या बहिणीची मुलगी रोवेना आमच्या पिजन फोर्कच्या शाळेत चौथीला शिकवते, आणि गेली सात वर्षं ती इटलीला निघालेली आहे.

परदेशात जिथे जिथे आपल्या अमेरिकेच्या सैन्याचे तळ आहेत, तिथे सैनिकांच्या पोरांसाठी शाळा असतात. तिथल्या मास्तरणी इथूनच जातात. त्यासाठी दर हिवाळ्यात कंप्युटरवर अर्ज भरायचा आणि मग उन्हाळ्यापर्यंत फोनकडे बघत बसायचं. रोवेना राहते डोंगराच्या पाठीमागे, तिथे इंटरनेट पोचत नाही, म्हणून अर्ज भरायला ती माझ्या स्वयंपाकघरात येते. मी शिकले सहावीपर्यंत. शाळेत सव्वीस वर्षं काढली खरी, पण ती जेवणाच्या खिडकीमागे, हातात डाव घेऊन. तेव्हा माझं काम कॉफी ओतायचं आणि गप्प बसायचं. पैकी कॉफीचं काम मी चोख करते.

पहिल्या वर्षी तिने एक चूक केली. आमच्या चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला कुणाला काय हवं ते उभं राहून सांगायचं असतं. हिने सांगितलं, इटलीसाठी अर्ज केलाय, प्रार्थना करा. आता आमच्या माणसांचा प्रार्थनेवर विश्वास एवढा दांडगा, की उत्तर यायची वाट बघणं त्यांना देवाचा अपमान वाटतो. जूनच्या पहिल्या रविवारी चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण झालं. प्रत्येक घरून एक भांडं. चिकन-डंपलिंगची तीन पातेली, मोहरी घातलेली अंडी, घेवड्याच्या शेंगा, आणि शेजारच्या वर्नाडीनने केलेला वाळल्या सफरचंदांचा सात थरांचा केक. वर्गणी काढून निळी सुटकेस दिली. ब्रदर हॉबर्ट, आमचे पाद्री, इतकं भरभरून बोलले की मलासुद्धा वाटलं, ही परत दिसते की नाही.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली, तर ती त्याच चौथीच्या वर्गात उभी.

दुसऱ्या वर्षी निदान मुलाखतीचा फोन तरी आला होता, म्हणून परत जेवण झालं. या खेपेला रेनकोट दिला. तो घालून ती आमच्याच पावसात शाळेला जायला लागली, तेव्हा पेट्रोल पंपावरचा एल्झी तिला रोज विचारायचा, "काय मॅडम, इटलीत आज कसं काय हवामान?" तिसऱ्या वर्षी ब्रदर हॉबर्टनी जाहीर केलं की प्रार्थना चालू राहील, जेवण मात्र ती तिकडे पोचल्याचा फोटो आल्यावर.

या वर्षी जानेवारीत ती आली ती चेहरा पाडूनच. सत्तेचाळिसावं लागलं होतं. म्हणाली, "मावशी, हा शेवटचा अर्ज. नाही झालं तर निवृत्तीपर्यंत चौथी शिकवीन आणि इटलीचं नाव काढणार नाही."

बरं म्हटलं आणि कॉफी द्यायला तिच्या मागे गेले, तर पडद्यावर ही लांबलचक यादी. मी विचारलं, हे काय? तर म्हणे कुठे कुठे जायला तयार आहात तिथे खूण करायची. जपान होतं, जर्मनी होतं, आणखी कितीतरी नावं होती, आणि खूण एकच. इटली.

"सातही वर्षं एकच खूण केलीस?"

"मला इटलीलाच जायचंय ना, मावशी."

"अगं, एका दुकानाच्या दारात सात वर्षं उभी राहिलीस आणि सगळा बाजार बंद म्हणून रडतेस?"

ती जरा रागावली. तिचे वडील सैन्यात होते. ती सात-आठ वर्षांची असताना त्यांची बदली इटलीच्या तळावर झाली होती, आणि तिच्या मते माणूस म्हणून ती तेवढी दोनच वर्षं जगली. हे मला पाठ आहे. पण शेवटचाच अर्ज म्हणतेस तर कंजूषपणा कशाला, असं मी लावून धरलं. शेवटी कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून तिने सगळ्या नावांवर खुणा केल्या.

मे महिन्यात फोन आला. दक्षिण कोरिया. तिसरीचा वर्ग. दोन दिवसांत हो की नाही ते सांगा, आणि नाही म्हणाल तर या वर्षी दुसरीकडून बोलावणं येणार नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी ओसरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. तिनेही मूठभर घेतल्या आणि निम्म्या चुकीच्या जागी मोडल्या. म्हणाली, नाही सांगणार आहे. कोरियात तिचं कोण आहे, तिकडची भाषा नाही, जेवण ठाऊक नाही.

मी म्हटलं, इटलीची भाषा तरी कुठे येते तुला? आणि तिकडचं जेवण म्हणशील तर डब्यातलं स्पॅगेटी खातेस तू. ती हसली नाही. मग मी सरळ विचारलं, "त्या दोन वर्षांतलं तुला आठवतं काय? मला इटली दाखव बघू."

तिने आणखी एक शेंग मोडली. मग म्हणाली, मिसेस टर्नबो. तिसरीच्या बाई. सैनिकांची पोरं, दर महिन्याला कुणीतरी जायचं, कुणीतरी नवं यायचं. तर बाई खिडकीजवळ एक बाक कायम रिकामं ठेवायच्या, त्यावर पेन्सिल टोक काढून ठेवलेली, वही उघडून ठेवलेली. नवं पोर दारात आलं की त्याला वाटायचं, इथे आपलीच वाट बघत होते. "मी वर्षाच्या मध्यात गेले होते, मावशी. घाबरून शू झाली होती मला. आणि ते बाक बघितलं."

"आणि इटली?"

"इटली..." ती म्हणाली. "एक कारंजं होतं कुठेतरी. नक्की नाही आठवत."

मला गप्प बसणं जमलं अशी माझ्या आयुष्यातली ती बहुतेक पहिलीच दोन मिनिटं. मग तिने मांडीवरच्या शेंगा टोपलीत टाकल्या, आत गेली आणि माझ्याच टेबलावरून फोन लावला.

हो म्हणाली. पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. पलीकडच्या बाईला एवढंच विचारलं, वर्गात मुलं किती आणि बाकं किती. त्या बाईने बहुधा सांगितलं असावं की बाकांचा हिशेब त्या ठेवत नाहीत. रोवेना म्हणाली, हरकत नाही, मला एक जास्तीचं लागेल, आत्ताच लिहून घ्या.