हिरवा म्हणण्याआधी

आमच्या घरातलं कुणीही कधी विमानात बसलेलं नव्हतं, आणि मुलगी विमान चालवायचं म्हणत होती. आम्हाला उशिरा झालेली, एकुलती एक. पदवी हातात आली तशी तिने डोळे, कान, छाती सगळं तपासून घेतलं आणि एका विमान कंपनीच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी अर्ज भरून टाकला. आम्हाला कळलं ते निवडीचा दिवस ठरल्यावर. सकाळी संगणकावर परीक्षा, दुपारी सहा-सात जणांनी मिळून करायचं काम, शेवटी मुलाखत. सगळा निकाल त्या एका दिवसावर. त्या दिवशी निवड हुकली की पुन्हा अर्ज करायला दोन वर्षं थांबायचं. पैशाचं पुढचं पुढे बघू, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं आणि तो विषय बंद केला.

मी निवृत्त रेल्वे ड्रायव्हर. कर्जतला गाडी थांबते ती घाट चढण्यासाठी मागून जास्तीची इंजिनं जोडायला. त्या मागच्या इंजिनांवर माझी सगळी नोकरी झाली. पुढचा ओढणार, आम्ही ढकलणार. वर पोचलं की सुटायचं आणि नुसती इंजिनं घेऊन खाली यायचं. बायको म्हणायचीच, "जन्मभर गाड्या ढकलल्या, आता पोरीला ढकला." निवृत्तीनंतर कर्जतजवळच्या दहिवलीच्या घरात मी तिच्या स्वयंपाकात नाक खुपसत होतो, त्यामुळे मला काहीतरी काम लागलं याचा तिला मुलीपेक्षा जास्त आनंद झाला असावा.

मुलीने तयारी पद्धतशीर चालवली होती. लॅपटॉपला व्हिडिओ गेमची दांडी जोडायची, पडद्यावरचा पळता ठिपका वर्तुळात धरून ठेवायचा आणि त्याच वेळी तोंडी गणितं करायची. तासाला चारशे ऐंशी किलोमीटर, तर वीस मिनिटांत किती? मला उत्तर यायच्या आत ती सांगून मोकळी. मग तिने लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर घड्याळासारख्या तबकड्या काढल्या. कशावर उंची, कशावर वेग, कशावर दिशा. मी एकेक पत्रिका उचलून तबकडीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, तिने ठिपका सांभाळत पत्रिकेकडे बघायचं आणि तोच आकडा परत म्हणायचा. म्हणाली, "विमानात दोघं असतात बाबा. एक म्हणतो, दुसरा बघून पुन्हा म्हणतो."

मी खूशच झालो. हे तर आमचंच! इंजिनात सिग्नल दिसला की सहायक हात वर करून पुकारतो, "हिरवा", आणि ड्रायव्हर हात वर करून परत पुकारतो, "हिरवा". दोन माणसं, चार डोळे. मी तिला हात कसा करायचा, आवाज कुठून काढायचा, सगळं शिकवलं. संध्याकाळी आमच्या घरातून अशा आरोळ्या निघायच्या की शेजारीण एकदा भांडण सोडवायला आली.

मुलाखतीच्या प्रश्नांची एक यादीही तिने काढली होती. त्यातला एक प्रश्न तिला अडला होता: तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत ते सांगा. मी लगेच शहाणपणा पाजळला. "सांग, मी फार कष्ट करते, विश्रांतीच घेत नाही, हीच माझी चूक."

"असलं सगळेच सांगतात. त्यांना लगेच कळतं," ती म्हणाली. मग तिने मलाच विचारलं, "तुमची सांगा ना एखादी. नोकरीतली."

"माझी? एवढी वर्षं घाट चढलो-उतरलो, एक चूक नाही."

हे वाक्य मी निरोप समारंभात बोललो होतो, लग्नकार्यात बोललो होतो, आणि आता मुलीला सांगितलं. चांगलं ठणकावून सांगितलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आम्ही पत्रिका घेऊन बसलो होतो. माझा चष्मा आत राहिला होता आणि उठायचा कंटाळा. मी पत्रिका उचलली आणि पुकारलं, "उंची तीन हजार." तिचा ठिपका नेमका वर्तुळाबाहेर निसटत होता. त्यावरची नजर न काढता तिने हात वर केला आणि म्हणाली, "उंची तीन हजार."

पत्रिका खाली ठेवताना दिव्याच्या उजेडात आली. तबकडीवर आठ हजार होते.

मी भडकलो. माझा राग आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. "डोळे कुठे होते तुझे? मी काहीही बरळेन, तू पोपटासारखी म्हणणार? मग दुसरा माणूस ठेवलाय कशाला तिथे, हात वर करायला?"

ती रडली नाही. साधेपणाने म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना. मला वाटलं, तुम्ही चुकणार नाही."

चष्मा आणायचं निमित्त करून मी आत गेलो आणि पलंगावर बसून राहिलो. बायकोने डोकावून विचारलं, "काय वो, छातीत दुखतंय काय?" मी नाही म्हणालो. खरं तर दुखतच होतं, पण तिला वाटलं तसं नाही.

पावसाळ्यातली एक सकाळ आठवत होती. गाडी वर सोडून आम्ही मोकळी इंजिनं घेऊन खाली येत होतो. घाटात धुकं. माझ्याबरोबर पळसदरी गावचा सहायक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कामाला चोख. त्याने हात वर करून पुकारलं, "हिरवा." मी थर्मासच्या झाकणात चहा ओतत होतो. मान वर न करता मीही पुकारलं, "हिरवा." तो पिवळा होता, म्हणजे पुढे थांबायच्या तयारीने जा. पुढचा तांबडा धुक्यातून एकदम अंगावर आला तेव्हा मी ब्रेक मारला. सिग्नलच्या अलीकडे, दोन-चार पावलांवर इंजिन थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पण असं करकचून थांबणं इंजिनातल्या वेगाच्या नोंदीत लपत नाही, दोघांनाही लिहून द्यावं लागलं. मी लिहिलं: सहायकाने हिरवा पुकारला, तांबडा दिसताच मी ब्रेक लावला. यात खोटं एक अक्षर नव्हतं. न बघता मीही हिरवा पुकारला होता, एवढंच मी लिहिलं नाही. त्याला काही महिने इंजिनावरून उतरवलं आणि ड्रायव्हर व्हायला त्याला उशीर झाला. मी मात्र बिनचूक राहिलो.

चष्मा घालून बाहेर आलो आणि मुलीला हे सगळं सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. माझं संपल्यावर मुलगी म्हणाली, "आणि नंतर काय केलंत?"

"नंतर काय? संपलं."

"प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे बाबा. चुकीनंतर काय केलंत."

मला तिचा इतका राग आला की मी जेवलो नाही. पण राग आपल्याच पोरीचा नव्हता, हे झोपेपर्यंत कळलं होतं. उपाशी पोटी माणसाला बरंच कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला घातल्या. बायकोने "कुठे" असं विचारलं नाही, कामाला निघालेल्याला तसं विचारत नाहीत. म्हणाली, "कुठवर?" मी म्हणालो, "पळसदरी." तिने मान डोलावली आणि आत गेली.

पळसदरी आमच्यापासून कितीशी लांब. पण निवृत्तीनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो आणि लग्नकार्यात तो दिसला की दुसऱ्या पंगतीला बसत होतो. तो सुट्टीवर होता, शेतात वालाच्या शेंगा तोडत. मला बघून त्याने टोपली खाली ठेवली. "या दादा. लय दिसांनी वाट चुकलात."

मी बसलोही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो खाली बघून नखाने एक शेंग सोलत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "मला ठावं हाय. तुमी झाकणात चा ओतत व्हतात."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"मी हिरवा म्हनलो व्हतो ना. माझं चुकलं त्ये मी लिवून दिलं. तुमचं तुमी बोलायचं व्हतं."

मी माफ कर म्हणालो. शब्द फार छोटा वाटला, पण दुसरा नव्हता. त्याने "असू द्या" म्हटलं नाही. शेतापलीकडे गाडीने शिट्टी दिली, आम्ही दोघांनीही सवयीने तिकडे मान वळवली. गाडी गेल्यावर तो म्हणाला, "लय उशीर केलात, दादा. माझी आई व्हती तवर बोलला असतात तर बरं झालं असतं. तिला वाटायचं, पोरगं कामात झोपतं."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. तो साध्या आवाजात बोलला, म्हणून अजून सोसत नाही. निघताना मुलीचं कसं चाललंय ते त्याने विचारलं, आणि टोपलीतल्या शेंगा पिशवीत भरून दिल्या. "पोरीला नेऊन द्या. उपाशी धाडू नका परीक्षेला."

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, "आता दुसरा भाग झाला. उशिरा झाला, पण झाला. हवी तर ही चूक तू मुलाखतीत सांग."

"ती तुमची आहे बाबा. माझी माझ्याकडे आहे," ती म्हणाली, आणि पत्रिका काढून बसली. त्या दिवसापासून मी मधूनच मुद्दाम चुकीचा आकडा पुकारायचो. पहिल्या दिवशी ती एकदा फसली. नंतर एकदाही नाही. "उंची पाच हजार," मी म्हणायचो, आणि ती बघून म्हणायची, "नाही. सहा हजार दोनशे." आपली मुलगी आपल्याला तोंडावर नाही म्हणते आणि बापाला त्याचा आनंद होतो, हे मला म्हातारपणी समजलं.

निवडीच्या दिवशी पहाटे मी तिला स्कूटरवर खालापूरला नेलं, तिथून पुण्याची बस. रेल्वेत हाडं झिजवलेला माणूस मुलीला बसने पाठवतो म्हणून बायकोने चिडवून घेतलं. पण गाडी कशी रखडते हे माझ्याइतकं कुणाला माहीत? बस दिसल्यावर मुलीने माझा हात धरला. मी बऱ्याच गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या, त्यातली तोंडातून एकच निघाली, "आधी बघ, मग म्हण."

संध्याकाळी तिला आणायला गेलो तर ती थकून हसत होती. संगणकाच्या परीक्षेत तिने सवयीने आकडे मोठ्याने पुकारायला सुरुवात केली, हातसुद्धा वर केला. सगळे वळून बघायला लागले आणि तिथल्या बाईंनी दटावलं. शिकवलं तेच नडलं की काय!

"आणि तो प्रश्न?"

"विचारला. मी तबकडीचं सांगितलं. तुम्ही तीन हजार म्हणालात आणि मी न बघता म्हणाले, ते."

"मग?"

"एकाने विचारलं, वडिलांवर विश्वास ठेवला यात चूक काय? मी म्हटलं, माझे वडील चुकू शकतात. मी न बघता म्हटलं, म्हणजे त्यांना मी एकटं सोडलं."

मी स्कूटर सुरू केली.

पुढचे दिवस वाईट गेले. बायको नवसाची भाषा करायला लागली आणि मी दोनदा विनाकारण दूधवाल्यावर ओरडलो. मग एका सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो असताना मुलीचा मोबाइल वाजला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. उभी राहिली, हात वर केला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "निवड झाली."

बायकोने हातातली बशी सोडली. मी सवयीने परत पुकारायला तोंड उघडलं होतं, पण थांबलो. हात पुढे केला. "दे इकडे."

"अवो, पोरगी खोटं बोलते काय?" बायको ओरडली. मुलीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि हात तसाच वर ठेवून उभी राहिली.

मी चष्मा लावला. पण डोळ्यांत इतकं पाणी भरलं होतं की अक्षरं दिसेनात, आणि न बघता म्हणायचं नव्हतं. पुसलं, पुन्हा भरलं. शेवटी बायकोने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत चढवला. "वाचा आता. हात दुखला तिचा."

मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग हात वर केला आणि म्हणालो, "निवड झाली."