पाळीखालचं गढूळ पाणी

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. लग्न होऊन मी अमरावतीच्या वकिलांच्या घरात आले आणि वर्षभरात सासऱ्यांनी आम्हां नवराबायकोला वरूडकडच्या संत्र्याच्या बागेवर धाडलं. यजमानांची वकिली चालेना, तेव्हा त्यांनी बाग तरी सांभाळावी, असा तो हिशेब होता. सासरे स्वतः अमरावतीलाच राहत आणि दर पंधरवड्याला मोटारीनं येऊन सगळ्यांना बोलून जात.

बागेच्या वरच्या अंगाला आमचा खाजगी तलाव होता. आजेसासऱ्यांनी नाल्याला आडवी मातीची पाळ घालून तो केलेला. पाळीच्या एका टोकाला सांडवा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी निघून जायची, पाळीच्या माथ्याहून जरा खालची वाट. पाळीखाली नाल्याच्या काठानं सात-आठ कुडाची घरं होती. त्यातल्याच एका घरात तलावाचा राखणदार राहायचा. पाळ बांधली तेव्हा त्याच्या बापानं मातीची टोपली वाहिली होती, आणि बापानंतर हे काम त्याच्याकडे आलं होतं.

हा माणूस पाळ जशी पाहायचा तसं कुणी आपलं घरही पाहत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडत, त्या तो बुजवायचा. उंदरांची बिळं खणून काढून ओली माती ठोकून भरायचा. बाभळीचं रोप दिसलं की बोटभर असतानाच उपटायचा. मी एकदा म्हटलं, सावली तरी झाली असती. तर म्हणाला, "बाई, झाड मेलं का मूळ सडते, आन् मुळाच्या भोकातून पानी वाट काढते. सावली पाह्यजे त बागेत बसा."

पाळीच्या पायथ्याशी एका जागी बारीक पाझर होता. तिथं त्यानं एक जर्मनची वाटी ठेवली होती. रोज सकाळी ती भरू द्यायची आणि उजेडात धरून पाहायची. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पाणी अगदी नितळ होतं. "निव्वळ पानी आलं त भेव नाई," तो म्हणाला, "मातीच्या पाळीतून थोडं झिरपतेच. गढूळ आलं, का समजा पाळ आतून वाहून राह्यली." मॅट्रिक झालेल्या मला ही गोष्ट कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली त्यानंतर सासऱ्यांनी त्याच्यावर राग धरला. मेलेलं जनावर ओढायला त्यानं नाही म्हटलं. भांडला नाही. "मालक, माह्यं काम पाळीचं हाये, थे मी करतो," एवढंच म्हणाला. सासऱ्यांना ते भांडणापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर तो पाळीबद्दल काही सांगायला आला की ते म्हणत, "आता हे आम्हांला शिकवणार."

पुढं एका वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराला उन्हाळ्यात पाणी कमी पडलं. सासऱ्यांनी गवंडी आणून सांडव्यावर दोन फुटांची विटांची भिंत घातली, म्हणजे तलावात तेवढं पाणी जास्त राहील. राखणदार अंगणात येऊन उभा राहिला.

"मालक, सांडव्यावरून पानी जाऊ द्या लागते. नाई त थे पाळीवरून जाते. पाळ मातीची हाये."

"पाळ माझ्या वडिलांनी बांधली आहे."

"हो जी. पन सांडवा बी त्यायनंच ठेवला."

सासऱ्यांनी त्याला अंगणातून घालवून दिलं. माझे यजमान तिथंच होते. ते पेपर वाचत होते.

दोन पावसाळे निभावले. मग तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी राखणदार मागच्या दारी आला. "बाई, जरा चाला. पाहा तुमी."

छत्री घेऊन मी गेले. त्यानं वाटी पुढं केली. पाणी दूध घातलेल्या चहासारखं होतं.

"काल सांजेपर्यंत निव्वळ होतं," तो म्हणाला. "आता भिंत पाडा लागते. तलाव उतरला तरच पाळ राहीन."

जेवताना मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबा उद्या येणारच आहेत. त्यांना विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही." मी पुन्हा म्हटलं की मी स्वतः पाहिलंय. "तुला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून त्यांनी ताक मागितलं. मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. पाळीपर्यंत गेले, वाटीत डोकावले, "पावसाचं पाणी मिसळलंय," म्हणाले आणि परत येऊन आरामखुर्चीत बसले. राखणदारानं पुन्हा विनवलं. सासरे म्हणाले, "भिंतीची एक वीट निघाली, तर तुझं घर निघेल."

तो खाली गेला. त्यानं घराघरातून माणसं बाहेर काढली, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पाठीवर घेऊन टेकाडावर नेलं. मग कुदळ घेऊन सांडव्याकडे धावला. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. मी ओसरीवरून पाहत होते. भिंतीचा एक कोपरा पडला, तिथून पाण्याचा लोट सुटला आणि मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात पाळ मध्यावर खचली. आधी खुर्चीत माणूस टेकावा तशी जरा खाली बसली, आणि मग तिथून तलावच्या तलाव बाहेर पडला.

माणूस एकही गेला नाही. घर मात्र एकही राहिलं नाही. खालच्या शेतांतली माती खरवडून निघाली. दाव्याला बांधलेले दोन बैल नाल्याच्या वळणावर काट्यांत अडकलेले सापडले. पोळ्याला रंगवलेली त्यांची शिंगं तशीच लाल होती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पंचनामा झाला. एक जमादार आणि एक महसूलचे साहेब आले होते. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं, "पाळ माझ्या गड्यानं फोडली. कुदळ अजून तिथंच पडली आहे. दीक्षा घेतल्यापासून त्याच्या मनात अढी होती." आयुष्यभर कोर्टात बोललेला माणूस. कुठं थांबायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

राखणदार पायरीखाली उभा होता. तो म्हणाला, "साहेब, पाळ आधीच आतून गेली होती. गढूळ पानी बाईनं पाह्यलं. त्याइले इचारा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. यजमान घाईनं म्हणाले, "ती घरातच होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई?"

"मी घरातच होते," मी म्हटलं.

कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. कुणी डोळेही वटारले नव्हते. ते तीन शब्द मी स्वतः, स्पष्ट, आपल्या तोंडानं बोलले.

त्याला आठ दिवस कोठडीत ठेवलं. पाळ मध्यावर फुटली होती आणि सांडवा होता दूर टोकाला. डोळे असलेल्या कुणालाही दिसावं असं ते होतं, म्हणून प्रकरण पुढं गेलं नाही. पण नाल्याकाठची जागा आमची होती. सासऱ्यांनी तिथं पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. ती सगळी माणसं पांगली. तोही बायकोमुलांना घेऊन गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पाळ नव्यानं बांधली. अमरावतीहून इंजिनिअर आणला होता. तो म्हणाला, सांडवा रुंद करा, त्यावर काही बांधू नका, पाळीवर झाड येऊ देऊ नका, पाझराचं पाणी रोज तपासा. सासऱ्यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. पाहुणे आले की त्यांना पाळीवर नेऊन ते हेच समजावून सांगत.

पाच-सहा वर्षांनी माहेरी गेले असताना कळलं, की अकोल्याजवळ सरकारी तलावाचं काम चाललंय आणि तिथं तो मुकादम आहे. एका दुपारी मी एकटीच एस.टी.नं गेले. तो माती दाबणाऱ्या माणसांजवळ उभा होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"मी तेव्हा खोटं बोलले," मी म्हटलं.

"मले मालूम हाये. मी तठीच उभा होतो."

मग त्यानं विचारलं, "मालक हायेत का?"

"आहेत."

"मंग हे त्याइच्या समोर सांगा. मले काहून सांगता? मले त मालूमच हाये."

एवढं बोलून तो कामाकडे वळला. कुणाला तरी ओरडून म्हणाला की थर जाड झालाय, पाणी मार आणि पुन्हा दाब. मी रस्त्यावर येऊन परतीच्या गाडीची वाट पाहिली.

सासरे त्यानंतर चार वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं ते आमच्याकडे बागेवरच होते आणि त्यांचं दोन्ही वेळचं ताट मीच वाढत असे. मी त्यांना काही सांगितलं नाही.