साहेब आज रजेवर

पिंपरीच्या जुन्या कोर्टात वकिलांच्या खोलीत एक काळा फळा होता. न्यायाधीश रजेवर, दुपारी शोकसभा, कुणाचा तरी गाऊन सापडला, शनिवारी रक्तदान, सगळं त्याच्यावर खडूनं. लिहायचे ते आमचे शिपाईकाका. साहेब रजेवर आहेत असं कुणी कितीही शपथेवर सांगो, काका आधी त्या कोर्टात जाऊन रिकामी खुर्ची डोळ्यांनी बघून यायचे आणि मगच खडू उचलायचे. आम्ही टर उडवायचो, "काका, खुर्चीचा पंचनामा झाला का?" ते शांतपणे म्हणायचे, "व्हय, झाला." फळ्यापुढे चहाचे कप घेऊन अर्धं कोर्ट उभं असायचं. कोण वारलं, कोण जज्ज झालं, कुणाच्या मुलीचं ठरलं, सगळं तिथंच कळायचं. त्या गर्दीची मला अजून आठवण येते, आणि अगदी पोटातून येते.

मग काका निवृत्त झाले आणि मोबाइलवर ग्रुप आला. बातमी आता आंघोळीच्या आधीच हातात. मी तर खूश होते.

चऱ्होलीची एक मावशी माझी पक्षकार. वडिलांच्या जमिनीत भावांनी तिला वाटा दिला नाही, म्हणून दावा होता. तिच्या उलटतपासणीची तारीख सारखी पुढे जात होती. कधी मी दुसऱ्या कोर्टात, कधी तिचे गुडघे. शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, ही शेवटची संधी, पुढच्या वेळी वादी नसेल तर दावा काढून टाकीन.

नेमक्या त्या तारखेला सकाळी ग्रुपवर मेसेज, साहेब आज रजेवर. मी मावशीला फोन करून सांगितलं, "येऊ नका, आज काही होत नाही," आणि खेडच्या कोर्टात दुसऱ्या कामाला निघून गेले. अकराच्या सुमारास भावांच्या वकिलांचा फोन आला. माणूस महाखडूस, जन्मात कधी माझ्याशी गोड बोलला नव्हता.

"मॅडम, कुठं आहात? साहेब बसलेत."

मेसेज आदल्या दिवशीचा होता. कुणीतरी सकाळी तोच पुन्हा पुढे पाठवला आणि मी शहाणी, वरची तारीख न बघता मोकळी झाले.

"माझ्या पक्षकारांना आज दावा निघालेला हवाय," ते म्हणाले. "पण तुमच्या पाठीमागे मी असला हुकूम घेणार नाही. पुकारा झाला की केस जेवणानंतर ठेवायला सांगतो. या लवकर."

आमच्याकडची ही जुनी रीत. ती मोबाइलवर आलेली नाही, नशीब.

मावशीला फोन लावत सुटले, ती उचलेना. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली. माझ्या आळसापायी एका बाईची जमीन जाणार, या विचारानं मला तिथंच रडू फुटलं. एक रिक्षावाला काच ठोकून विचारून गेला, ताई, बरं आहे ना.

धापा टाकत वर पोहोचले, तर मावशी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून डब्यातली भाकरी खात होती.

"अहो, मी येऊ नका म्हणाले होते ना?"

"व्हय, म्हणालात की." तिनं डब्याचं झाकण लावलं. "पर तारीख माजी हाय. मोबाइल घरी ठिवला आन् बसनं आले. पुकारा झाला तवा उभी ऱ्हायले, साहेबास्नी सांगितलं, मी हाय, वकीलबाई येत्यात."

दुपारी तिची उलटतपासणी झाली. खडूस वकिलांनी तिला तासभर पिळून काढलं, अजिबात सवलत दिली नाही. ती दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून उत्तरं देत होती. दावा वाचला.

जिना उतरताना मी तिचा हात धरला आणि माफी मागायला लागले. चुकलं माझं, तुमचं केवढं नुकसान झालं असतं, वगैरे. तिनं दोन पायऱ्या ऐकून घेतलं.

"जाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "मी काय निस्तं तुमच्या भरवशावर भांडाय निगाले न्हाई."