भाल्याचे शहाऐंशी

माझी बी.कॉम.ची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात दादाने जुना कॉम्प्युटर आणला. तुळिंजच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये तो कपाटाला लागून बसला. दादा अंधेरीला ऑफिसात जायचा, आई शिकवण्यांना. दुपारभर मी आणि कॉम्प्युटर. लाइट असली तर.

त्यात एक लढाईचा गेम होता. आपला योद्धा जंगलात, गुहांत फिरतो, जनावरं-राक्षस मारतो. तलवार, कुऱ्हाड, भाला, धनुष्य, प्रत्येकाचं कसब वेगळं मोजलं जायचं. ते विकत मिळत नसे. त्या हत्याराचा वार लागला की कणभर वाढे. तलवार कितीही चालवा, भाल्याचं कसब शून्यच. दुबळ्या जनावरांवर काही दिवसांनी आकडा हलेनासा होई, मग जरा तगडा शत्रू शोधावा लागे.

गेम सेव्ह करायला जागा एकच, म्हणून योद्धाही आमचा दोघांचा एकच. दादा रविवारी खेळायचा. नवं चकचकीत हत्यार सापडलं की जुनं टाकायचा, त्यामुळे त्याचं कशातच वीसच्या वर गेलं नाही. मी भाला धरला आणि सोडला नाही. एकाच दलदलीत रोज आणखी आत जाऊन आणखी तगडे मगरीसारखे प्राणी मारत बसायचे. चाळिसाला वार जलद झाला. साठाला भाला गोल फिरवून तिघांना एकदम पाडता येऊ लागलं. त्या दिवशी मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. मे संपेपर्यंत भाला शहाऐंशीवर होता. तेवढ्या मनापासून मी अकाउंट्ससुद्धा केलं नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी दादाचा ऑफिसातला मित्र आला. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा स्क्रीनवर आमचा योद्धा भाला घेऊन उभा होता.

"शहाऐंशी? कसं केलंस रे?" मित्र विचारत होता.

"रोज आल्यावर थोडं थोडं," दादा म्हणाला.

"ते मी केलंय," मी म्हटलं.

मित्राने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि हसला. "बरं, मग दाखव की करून."

"चहा ठेव आधी," दादा म्हणाला. खुर्चीतून तो उठला नाही. आई आतून म्हणाली, "पाहुण्यांसमोर काय गं भांडतेस?"

मी आत गेले.

सोमवारी दुपारी गेम उघडला. भाला शून्य. तलवार शून्य. योद्धा पहिल्याच गावात उभा. मित्राला सुरुवात दाखवायला दादाने नवा खेळ मांडला होता आणि बंद करताना तोच आमच्या एकुलत्या एक जागेवर सेव्ह केला होता.

संध्याकाळी तो बूट काढत असतानाच मी विचारलं.

"अगं, गेम होता तो. परत खेळ."

"दोन महिने लागले मला."

"तुला दुसरं काम काय होतं?"

दोन दिवस मी पुन्हा खेळून पाहिलं. माझ्या बोटांना सगळं पाठ होतं: प्राणी कधी झेपावतो, कधी मागे सरायचं. पण पडद्यावरचा माणूस भाला जड काठीसारखा उचलायचा. मी वेळेवर बटण दाबायचे, तो उशिरा हात हलवायचा. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर कापड टाकलं ते मी पुन्हा काढलं नाही.

दिवाळीनंतर आगाशीचं स्थळ आलं. मुलाच्या आत्याने विचारलं, "कॉम्प्युटर वगैरे येतो का हिला? हल्ली नोकरीला लागतो."

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "नाही हो. घरात आहे, पण ती कधी हात लावत नाही. घरकामात मात्र तरबेज."

त्याला वाटलं, आपण माझी बाजू चांगली मांडली. आत्याबाईंनी मान डोलावली. आई समाधानाने हसली. मी सतरंजीकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. लग्न ठरलं. नोकरीचा विषय सासरी कुणी काढला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

दादा सणावाराला आगाशीला येतो, केळी-नारळ घेऊन जातो, हसतो-बोलतो. त्या शहाऐंशीचा राग मी अजून धरून आहे, हे त्याला माहीत नाही. सांगितलं तर तो हसेल, आणि माझा नवराही त्याच्याबरोबर हसेल. म्हणून सांगत नाही.